कूळ, गोत्र आणि गुणसूत्र

मालाडच्या पश्चिमेला मार्वे, खारोडी, एरंगळ, भाटी, मढ या खाडीकाठच्या पट्ट्यात कोळीवाडे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावठाणे एकमेकांना लागून आहेत. एरंगळचे सेंट बोनाव्हेंचर चर्च 1575 सालचे मानले जाते. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे भरणाऱ्या सणाला ख्रिस्ती कुटुंबे येतात, तसे हिंदू कोळीही येतात. हिंदू कोळ्यांचे कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. ख्रिस्ती कोळ्यांच्या घरी क्रूस आणि मारियेची तसबीर. 1534 च्या वसईच्या तहाने या परिसरासह साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काही दशकांत इथल्या कोळी, कुणबी, आगरी, भंडारी कुटुंबांपैकी अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आजचे हिंदू कोळी आणि ख्रिस्ती कोळी एकाच समाजाचे होते. आज त्यांच्यात सोयरीक होत नाही. मग त्यांचे कूळ एक की दोन?

वरवर पाहता प्रश्न समाजशास्त्राचा आहे. पण कूळ ही वस्तू नेमकी कुठे असते, शरीरात की स्मरणात, बीजात की विधीत, हे ठरवल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, आणि तिथे तो धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा होतो. गेल्या तीसेक वर्षांत लोकसंख्येच्या जनुकशास्त्राने या प्रश्नात प्रवेश केला. थुंकीच्या नमुन्यावरून पूर्वजांची टक्केवारी सांगणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि शतकानुशतके पुरोहित, भाट आणि हेळवी यांच्याकडे असलेला वंश सांगण्याचा अधिकार आता प्रयोगशाळेकडे आला, असे वाटू लागले. हे वाटणे अर्धेच खरे आहे. वंशाच्या दोन वह्या पूर्वीपासून वेगवेगळ्या लिहिल्या जात आल्या आहेत. एकीत शरीराचे देणे नोंदवले जाते, दुसरीत कर्तव्याचे. जुन्या शास्त्रकारांना हा फरक चांगला ठाऊक होता. गोंधळ होतो तो एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीत पुरावा म्हणून दाखवली जाते तेव्हा.

आधी शरीराची वही. माणसाचा डीएनए तीन प्रकारे पूर्वजांकडे बोट दाखवतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. मायटोकॉण्ड्रियातला छोटा डीएनए आईकडून सगळ्या मुलांकडे जातो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. या दोन्हींत क्वचित होणारे बदल पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात आणि त्यांवरून पितृवंशाच्या आणि मातृवंशाच्या शाखा पाडता येतात. या शाखांना हॅप्लोग्रुप म्हणतात. उरलेली बावीस जोड्या गुणसूत्रे दर पिढीत आईबापांच्या वाट्याची सरमिसळ करून पुढे जातात. पूर्वजांची संख्या सगळ्यात जास्त याच भागात सामावलेली असते, आणि त्यांना वेगळे ओळखणेही इथेच सगळ्यात अवघड असते.

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवणारे उदाहरण आल्प्स पर्वतातले आहे. 1991 च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर हिमनदीत सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे शव सापडले. ओत्झी या नावाने तो ओळखला जातो. त्याचे वाय गुणसूत्र जी हॅप्लोग्रुपच्या एका दुर्मीळ शाखेचे निघाले. 2013 मध्ये इन्सब्रुकच्या संशोधकांनी टायरॉल प्रांतातल्या सुमारे 3,700 रक्तदात्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या 19 पुरुषांत तीच शाखा आढळली. ‘हिममानवाचे वंशज सापडले’ अशा बातम्या झाल्या. त्या चुकीच्या होत्या. या 19 जणांचा आणि ओत्झीचा सामायिक पूर्वज ओत्झीच्याही हजारो वर्षे आधीचा आहे. ओत्झीला मुलगा होता की नाही हेही त्यावरून कळत नाही. त्याच्या मायटोकॉण्ड्रियाची उपशाखा तर आजवर तपासलेल्या जिवंत माणसांत मिळालेलीच नाही. त्याच्या आईच्या आईच्या आईची रेषा कुठेतरी एका पिढीत मुलगी न झाल्याने थांबली असावी. 2023 मध्ये त्याचा जनुकसंच पुन्हा वाचला गेला तेव्हा नऊ-दशांशांहून अधिक वारसा अनातोलियातून युरोपात आलेल्या पहिल्या शेतकऱ्यांचा निघाला. आल्प्सचा आद्य रहिवासी म्हणून ज्याची मिरवणूक निघाली, तो स्वतः बाहेरून आलेल्यांचा वंशज होता.

थांबलेली रेषा म्हणजे संपलेले कूळ नव्हे, हा मुद्दा इथे महत्त्वाचा. दहा पिढ्या मागे गेले तर माणसाला 1,024 पूर्वजांच्या जागा असतात. त्यांपैकी वाय गुणसूत्र एकाकडून आलेले असते, मायटोकॉण्ड्रिया एकीकडून. उरलेल्या हजाराहून अधिक जणांबद्दल या दोन्ही चाचण्या गप्प असतात. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की सरमिसळीच्या वेळी गुणसूत्रे मर्यादित ठिकाणीच तुटतात, त्यामुळे दहाव्या पिढीपासून आपल्यापर्यंत डीएनएचे सहाशे-सातशे तुकडेच पोचतात. म्हणजे त्या हजारांतल्या निदान एक-तृतीयांश पूर्वजांचा एकही कण वंशजाच्या शरीरात नसतो. ते पूर्वज असतात, त्यांच्याशिवाय वंशज जन्मालाच आला नसता, आणि तरी शरीराच्या वहीत त्यांची नोंद नाही.

धर्मशास्त्राने या प्रश्नाला एका वेगळ्या दाराने हात घातला होता. लग्नाला आणि वारशाला कोण किती जवळचे हे ठरवण्यासाठी ‘सपिंड’ ही कल्पना आली. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या मिताक्षरेत सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अवयव ज्यांच्यात उतरले आहेत ते, असा अर्थ घेतला. मुलात बापाच्या शरीराचे अंश असतात, बापामार्फत आजोबांचे, आईमार्फत मातामहाचे. हा विचार चालवत गेले तर जगातला प्रत्येक जण प्रत्येकाचा सपिंड ठरेल, हे विज्ञानेश्वराला दिसले होते. म्हणून त्याने बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांवर रेघ ओढली. आजचा कोणताही जनुकशास्त्रज्ञ या मांडणीला नावे ठेवणार नाही. बंगालात जीमूतवाहनाने दायभागात याच्या उलट भूमिका घेतली: सपिंड म्हणजे श्राद्धातल्या पिंडाने जोडलेले. कोण कोणाला पिंड देतो आणि कोण तो घेतो, यावर नाते ठरते. शरीर तिथे गौण. महाराष्ट्रात मिताक्षरेचे आणि कोकण-गुजरातेत तिच्या जोडीला नीलकंठाच्या व्यवहारमयूखाचे राज्य चालले, त्यामुळे इथल्या लोकांना नाते रक्ताचे असते हे स्वयंसिद्ध वाटते. त्याच देशात, त्याच स्मृतींच्या आधारे, दुसरे उत्तर दिले गेले होते याचा सहसा विसर पडतो.

श्राद्धाच्या विधीतही ही दुहेरी जाण आहे. बाप, आजोबा, पणजोबा हे तिघे पिंडाचे अधिकारी. त्यांच्यामागचे तिघे हाताला चिकटून राहिलेल्या लेपाचे भागी. देणारा धरून सात. त्यापलीकडचे पितर नावानिशी बोलावले जात नाहीत. जनुकशास्त्रात पूर्वज जसे पिढीगणिक विरळ होत जातात तशीच ही उतरण आहे, पण हे साम्य फार ताणू नये. आईकडच्या बाजूने तेवढेच पूर्वज असूनही श्राद्धात त्यांचा मान वेगळा आहे, आणि दत्तक मुलाने दिलेला पिंडही पोचतो. इथे मोजले जाते ते देण्याचे नाते.

गोत्राच्या बाबतीत तर शास्त्राने स्वतःच शरीराचा दावा सोडून दिला आहे. सामान्य समजूत अशी, की काश्यप गोत्राचे सगळे कश्यप ऋषींच्या बीजाचे. तसे असते तर एका गोत्राच्या सगळ्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच शाखेचे असायला हवे. भारतातल्या ब्राह्मण समूहांत मात्र आर, जे, एल, एच अशा अनेक शाखांची वाय गुणसूत्रे सापडतात, आणि या शाखा वेगळ्या झाल्या त्या कोणत्याही ऋषीच्या हजारो वर्षे आधी. पण हे कळायला डीएनएची गरज नव्हती. क्षत्रिय आणि वैश्य यांना स्वतःचे ऋषिगोत्र नाही, त्यांनी पुरोहिताचे गोत्र-प्रवर घ्यावे, असे मिताक्षरा स्पष्ट सांगते. पुरोहिताचे गोत्र यजमानाला लागते ते शिष्यत्वाने. मुलीचे गोत्र लग्नाने बदलते, दत्तक मुलाचे विधीने. मराठा आणि कोळी समाजांत सोयरिकीची मर्यादा देवकाने ठरते: कदंब, पंचपल्लवी, मोराचे पीस अशी देवके सारखी असली तर लग्न होत नाही. मोराचा वंश कोणी रक्तात शोधत नाही.

या सगळ्या चर्चेत एक माणूस दोन्ही बाजूंना उभा सापडतो. गोव्यातल्या कोसबेंचे दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ होते. 1940 च्या दशकात त्यांनी एका गुणसूत्रावरच्या दोन जनुकांतले अंतर त्यांच्या वेगळे होण्याच्या प्रमाणावरून काढण्याचे सूत्र दिले. जगभरच्या वनस्पती आणि प्राणी जनुकशास्त्रात ते आजही ‘कोसंबी फलन’ म्हणून वापरले जाते. 1950 मध्ये याच कोसंबींनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ब्राह्मण गोत्रांच्या उत्पत्तीवर दीर्घ निबंध लिहिला. आर्यपूर्व समाजांतले पुरोहितगण ब्राह्मणांत सामावले गेले आणि गोत्रव्यवस्थेत त्यांच्या खुणा राहिल्या, असा त्यांचा रोख होता. गुणसूत्रावरचे अंतर मोजणाऱ्या माणसाने गोत्राला मात्र रक्ताचा आलेख म्हणून हाती घेतले नाही. गोत्र त्यांना समाजांच्या मिलाफाचा दस्तऐवज वाटले. इतकी नेमकी दृष्टी त्यांच्यानंतरच्या अनेक जनुकशास्त्रीय लेखांतही सापडत नाही.

त्यांच्या आधीची अर्धी शताब्दी तर शरीरावरून कूळ वाचण्याच्या अट्टहासात गेली होती. हर्बर्ट रिस्ले यांनी डोक्याची लांबी-रुंदी आणि नाकाची ठेवण मोजून मराठी ब्राह्मण आणि कुणब्यांना ‘सिथो-द्रविड’ ठरवले. 1916 मध्ये रमाप्रसाद चंदा यांनी ते खोडून काढले आणि पश्चिम भारतातल्या रुंद डोक्यांचा संबंध मध्य आशियातल्या आल्पाइन वंशाशी जोडला. 1931 च्या जनगणनेत बी. एस. गुहा यांनी हीच वर्गवारी अधिकृत केली. अशा रीतीने आल्प्सचे नाव घेऊन एक वंशप्रकार गुजरातपासून महाराष्ट्र-कर्नाटकापर्यंत पसरवला गेला, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत तो काही दशके टिकला. या प्रकारांचे आज काहीही शिल्लक नाही. डोक्याचा आकार आहाराने आणि पर्यावरणानेही बदलतो, आणि आल्प्सच्या खोऱ्यांतली माणसे स्वतःच अनेक स्थलांतरांतून घडलेली आहेत.

या मोजमापांचा सगळ्यात धारदार उपयोग त्यांच्याच विरुद्ध केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांची आकडेवारी घेऊन दाखवले, की हे शास्त्र खरे मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. म्हणून अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणे निरर्थक आहे. त्याआधी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात त्यांनी जातीचे सार सांगितले होते: गोत्राबाहेर लग्न करण्याच्या जुन्या चालीवर जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले. शंभर वर्षांनंतर, 2016 मध्ये, कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी जनुकसंचांवरून निष्कर्ष काढला, की भारतातल्या अनेक समूहांतली सरमिसळ सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी झपाट्याने थांबली. 2013 च्या एका अभ्यासात मोठ्या मिश्रणाचा काळ 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीचा निघाला होता. म्हणजे आधी मिश्रण, मग भिंती. जातीला जे जैविक रूप आले ते बंधनाने आले. वंश आधी आणि नियम नंतर, हा क्रम उलटा आहे.

इरावती कर्व्यांचे काम शरीराची मोजमापे आणि समाजाचे नियम या दोन्हींच्या मधले आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या असममितीवर प्रबंध लिहिला. वंशावंशांत फरक दिसेल अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती, ती त्यांच्या मोजमापांनी पुरी केली नाही. 1968 मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण समूहांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. एकाच वर्णनामाखालच्या जाती एका मुळाच्या फांद्या असतीलच असे नाही, त्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या असू शकतात, हे त्यांचे म्हणणे. पण मराठी वाचकाला त्यांची नात्यांवरची मांडणी जास्त उपयोगी पडावी. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न चालते, चुलतबहीण मात्र बहीणच असते. जनुकांच्या हिशेबात मामेबहीण आणि चुलतबहीण अगदी सारख्याच अंतरावर आहेत. दोघींशी सामायिक वारसा सरासरी एक-अष्टमांश. एकीला वधू म्हणून पाहणे आणि दुसरीला भाऊबीज घालणे, हा फरक शरीरातून निघत नाही.

शरीराची आणि कर्तव्याची या दोन वह्या एकमेकींवर आदळतात तेव्हा काय होते, याचे सगळ्यात बोलके उदाहरण कोकणातले बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांचे दफन किनाऱ्यावर झाले. तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज कुलाबा जिल्ह्यात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. समुद्राने टाकलेल्या देहांतून वंश सुरू होण्याची अशीच कथा चिपळूणच्या चित्पावनांचीही आहे. परशुरामाने किनाऱ्यावरच्या प्रेतांना सजीव केले, अशी आख्यायिका आहे. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी आपला आरंभ एकाच साच्यात सांगावा, यावरून पूर्वजांपेक्षा शेजाराबद्दल अधिक कळते.

बेने इस्रायल समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. ज्यू नसलेल्या आईची संतती काळी मानली जाई. बेटीव्यवहार बंद, भांडीही वेगळी. यात कोकणच्या जातिव्यवस्थेचा ठसा आहे, तसा ज्यू धर्मनियमाचाही, कारण हलाखा या नियमांनुसार ज्यूपण आईकडून येते. 1948 नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलमध्ये गेले. 1960 च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य रब्बीसंस्थेने फर्मान काढले, की त्यांच्यातल्या विवाहेच्छूंची मातृवंशाची चौकशी जितकी मागे जाता येईल तितकी करावी. शतकानुशतके शनिवार पाळलेल्या समाजाला हा अपमान वाटला. जेरुसलेममध्ये निदर्शने आणि उपोषणे झाली. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि रब्बींना शब्द बदलावे लागले.

यानंतर जनुके आली. 2000 च्या सुमारास वाय गुणसूत्रांच्या पहिल्या तपासण्यांत मध्यपूर्वेकडचा पितृवंश दिसला आणि समाजात मोठे समाधान पसरले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी चित्र पूर्ण केले: बेने इस्रायल हे मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा मिश्र वारशाचे आहेत, एका अभ्यासाच्या अंदाजाने हे मिश्रण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचे. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून, आणि मायटोकॉण्ड्रिया बहुतांशी कोकणातल्या बायकांचा.

आता धर्मनियमाच्या तराजूत हे ठेवून पाहावे. ज्यूपण आईकडून येते आणि आईकडची रेषा तर कोकणातली निघाली. डीएनए चाचणी हाच ज्यूपणाचा पुरावा मानायचा, तर समाजाला दिलासा देणाऱ्या चाचणीनेच, त्यांच्याच कायद्याच्या भाषेत, त्यांचा दावा कमकुवत केला. पण हलाखा इतका भोळा नाही. तो दीक्षेने ज्यू होणे मान्य करतो, आणि दीक्षित हा अब्राहमचा पुत्र धरला जातो. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने मैमोनिडीसला विचारले, की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ हे शब्द आपण म्हणावेत की नाही. मैमोनिडीसचे उत्तर होते, की जरूर म्हणावेत. अब्राहमचा मार्ग जो घेतो त्याचा तो बाप आहे. शेकडो वर्षांपूर्वी कोकणातल्या कोणा स्त्रीने शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून शनिवारी तेल गाळणे थांबवले असेल, तर धर्माच्या वहीत तिची नोंद तिथेच झाली. तिचा मायटोकॉण्ड्रिया कोणत्या शाखेचा, हा त्या वहीतला रकानाच नाही. रब्बींची चूक रक्त कमी तपासल्याची नव्हती. कर्तव्याच्या वहीत रक्ताचा रकाना आखल्याची होती.

गोव्याच्या आणि साष्टीच्या ख्रिस्ती समाजांत हाच प्रश्न उलट बाजूने येतो. 2021 मध्ये हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राशी संबंधित संशोधकांनी गोवा, कुमठा आणि मंगळूर इथल्या रोमन कॅथलिकांचा अभ्यास केला. त्यांचा वारसा मोठ्या प्रमाणात स्थानिक, गौड सारस्वतांशी जवळचा निघाला. पोर्तुगीज रक्ताची लोककल्पना फोल ठरली. आडनावांवरून ही कल्पना पसरली होती. डिसोझा, परेरा, मिरांडा ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून मिळाली. युरोपात आडनाव आणि वाय गुणसूत्र पुष्कळदा एकत्र प्रवास करतात, म्हणून तिथले हौशी वंशशोधक आडनावांचे प्रकल्प चालवतात. साष्टीत तसे केले तर लिस्बनच्या एखाद्या सरदाराखाली मढचे मच्छीमार येऊन बसतील.

इथे आल्प्सचा आणखी एक धागा येतो. युरोपातली वंशावळ ज्या चर्चच्या नोंदवह्यांवर उभी आहे, त्यांना सक्तीचे रूप दिले ते आल्प्सच्या कुशीतल्या ट्रेंट नगरातल्या परिषदेने. 1563 च्या नोव्हेंबरमधल्या तिच्या फर्मानाने प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्र्याला विवाहांची वही ठेवायला लावली आणि बाप्तिस्म्यातल्या धर्ममायबापांची नावे लिहायला लावली. हेतू वंशावळीचा नव्हता. कोणाचे कोणाशी लग्न निषिद्ध हे कळावे, हा होता. आणि त्या निषेधात रक्ताइतकेच धर्ममायबापांचे आध्यात्मिक नातेही मोजले जाई. चर्चचा निषेध पूर्वी सातव्या पायरीपर्यंत होता, 1215 च्या लॅटरन परिषदेने तो चौथीवर आणला. सपिंडाच्या सात पिढ्या आणि चर्चच्या सात पायऱ्या मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत, पण दोन्हीकडे शरीर आणि विधी एकाच पानावर लिहिले गेले. ट्रेंटची फर्माने पोर्तुगीज मुलखातही लागू झाली. त्यामुळे साष्टीतल्या ख्रिस्ती कोळ्याचे कूळ बाप्तिस्म्याच्या वहीने नव्याने सुरू झाले आणि त्याच्या हिंदू भावकीचे देवकाच्या नियमाने चालू राहिले. हा बदल एकदिशाही नव्हता. 1737-39 मध्ये मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकल्यावर आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही ख्रिस्ती कुटुंबे पुन्हा हिंदू झाली. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये अशा आगऱ्यांची नोंद आहे. तीन शतकांत दोनदा धर्म बदललेल्या घराच्या जनुकसंचात या घटनांची खूण नाही. खूण राहते ती सोयरिकीचे वर्तुळ बदलल्याची, आणि तीही हळूहळू, अठरा-वीस पिढ्यांत.

जन्म हाच अधिकार नव्हे, असे म्हणणारी धारा भारतीय परंपरेत जुनी आहे. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूकडे जातो तेव्हा त्याला गोत्र विचारले जाते. आईला त्याचे गोत्र सांगता येत नाही. तो तसेच सांगतो, आणि गौतम त्याला स्वीकारतो. या कथेचे दोन अर्थ लावले गेले. शंकराचार्यांच्या बाजूने, सत्य बोलण्यावरून त्याचा ब्राह्मण जन्म ओळखला गेला. दुसऱ्या बाजूने, सत्य बोलणे हेच गोत्र झाले. पहिला अर्थ गुणावरून बीजाचे अनुमान करतो, आणि आजची टक्केवारीची चाचणी घेऊन आपल्या स्वभावाचे कारण त्यात शोधणारा माणूस नकळत तोच मार्ग धरतो. वज्रसूची या ग्रंथाने हे दार बंद करण्याचा प्रयत्न केला: जीव ब्राह्मण की देह, जन्म की कर्म, असे एकेक विचारून, सगळ्यांचे देह पंचभूतांचेच आणि कित्येक ऋषींचे जन्म हीन मानलेल्या योनीतले, असे दाखवत ती पुढे जाते. सतराव्या शतकात तुकारामांच्या शिष्या बहिणाबाईंनी ही वज्रसूची मराठीत आणली. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने शूद्र गुरू केल्यावर तिला हा ग्रंथ का लागला, हे वेगळे सांगायला नको.

तरीही शरीराच्या वहीला क्षुल्लक समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. दीर्घकाळ आपसांतच लग्ने होणाऱ्या समूहांत थोड्या आद्यपूर्वजांचे दोष साठतात. 2017 मधल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या 263 समूहांपैकी 81 समूहांवर हा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक दिसला. थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांची तपासणी लग्नाआधी करावी असे डॉक्टर सांगतात, तेही शरीराची वही पाहूनच. मुंबईचे स्वतःचे एक उदाहरण आहे. 1952 मध्ये केईएम रुग्णालयात वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, की ज्याला ओ गटाचे रक्तही चालत नव्हते. एच नावाचा मूळ घटकच त्यात नव्हता. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभर रूढ झाले. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो असतो आणि त्याला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. असा रुग्ण आला की आधी त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी होते, कारण आईबाप दोघांकडून हे जनुक मिळण्याची शक्यता त्यांच्यातच सर्वाधिक. दत्तक भाऊ इथे कामाचा नाही. परक्या जातीधर्माचा, कधी न भेटलेला दाता चालतो.

कायद्याने आणि शास्त्राने दोन्ही वह्या शेजारी ठेवून लिहिण्याची रीत दत्तकविधानात पाळलेली दिसते. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार दत्तक झाल्या दिवसापासून मूल सर्व दृष्टींनी नव्या घरचे होते, जन्मघराशी असलेले त्याचे नाते तुटते आणि नव्या घरातले जुळते. त्याच कलमात एक अपवाद आहे: जन्मघरी राहिले असते तर ज्या व्यक्तीशी लग्न करता आले नसते, तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येणार नाही. 1955 च्या विवाह कायद्याने सपिंडाची मर्यादा बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांवर आणली, पण पुढच्या वर्षीच्या दत्तक कायद्यात हा अपवाद राहिला. जुन्या शास्त्रात तर ‘द्व्यामुष्यायण’ असा दत्तकाचा एक स्वतंत्र प्रकारच होता, दोन्ही घरांचा मुलगा. त्याने श्राद्धात दोन्ही बापांची नावे घ्यायची असत, दोन्हीकडचा वारसा त्याला मिळे, आणि लग्न ठरवताना दोन्ही गोत्रे टाळावी लागत.